बाबांसाठी बोलायचं यंत्र

डिजिटल घड्याळाबद्दल माझं मत तेव्हाही वाईट होतं, आजही वाईटच आहे. गल्फहून कोणी परतला की आमच्या मरोळच्या चाळीत दोन-चार मनगटांवर ती काळी घड्याळं चमकायची. थोडे दिवस मिरवली की घाम आत शिरायचा, आठाचा तीन दिसायचा, आणि माणूस घड्याळ घेऊन माझ्या दारात. आतली रबराची पट्टी स्पिरिटने पुसली की पुन्हा चालू, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. टीव्हीचा बूस्टर तर निव्वळ फसवणूक. तो चित्राबरोबर मुंग्याही वाढवतो. कॅल्क्युलेटर चांगला, पडला तरी हिशेब चुकत नाही. आणि सगळ्यांत गुणी वस्तू म्हणजे टू-इन-वन, रेडिओ आणि टेप एकाच पेटीत. चार स्क्रू काढले की पोट उघडं. काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं, आणि दिसलं की दुरुस्त होतं.

मी आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स शिकले होते आणि अंधेरीच्या एक्स्पोर्ट झोनमधल्या एका कंपनीत लाइनवर सोल्डरिंग करत होते. आम्ही सगळ्या बायकाच, ओळीने स्टुलांवर. पण बाकीच्या जणी घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या आणि मी घरी जाऊनही सोल्डरिंगचा कैयाच हातात घ्यायची. आई वैतागायची, पण बाबांना कौतुक होतं. बाबा गिरणीत होते. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, मग ते चकाल्याच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. त्यांचं खरं काम म्हणजे बोलणं. सकाळी गॅलरीत पेपर मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक बातमीवर भांडायचे. शेजारी मुद्दाम उलट बोलायचे, बाबांनी तापावं म्हणून.

एका रविवारी सकाळी गॅलरीतून त्यांचा आवाज येत होता आणि मधेच थांबला. मी बाहेर आले. पेपर खाली पडला होता आणि बाबा उजव्या हाताकडे बघत होते, तो दुसऱ्या कोणाचा असावा तसे. मी विचारलं, "काय झालं बाबा?" ते म्हणाले, "तेच."

"तेच काय?"

"तेच, तेच," ते म्हणाले, आणि कललेच.

म्युनिसिपल हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा ते पाय ओढत का होईना, चालू लागले होते. हात मात्र गेला होता, आणि शब्द गेले होते. एकच उरला होता. पाणी हवं, तेच. पंखा बंद कर, तेच. आईला हाक, तीही तेच. आवाज पूर्वीचाच, भरदार, वर-खाली होणारा. पलीकडच्या खोलीतून ऐकलं तर वाटावं, म्हातारा कोणाशी तरी रंगात येऊन बोलतोय.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांना बरंचसं कळतंय. शब्द बाहेर यायची वाट तुटलीये."

मी विचारलं, "जोडता येईल का?"

त्या म्हणाल्या, "बघू. थोडंफार आपोआप येतं कधीकधी."

मला त्या 'आपोआप'चा राग आला. आपोआप काहीही दुरुस्त होत नाही, हे मी रोज बघत होते. सिग्नल आत आहे, स्पीकर शाबूत आहे, मधला टप्पा जळलाय. मग मधला टप्पा बाहेरून जोडायचा. मी इतकी साधी होते.

आधी एक पेटी केली. लाकडी खोक्यावर चार बटणं, चार बल्ब, बल्बावर चित्रं चिकटवलेली: पेला, ताट, संडासचं डबडं, आणि कपाळाला हात लावलेला माणूस. बाबांनी पेटी मांडीवर घेतली आणि डाव्या हाताने चारही बटणं दाबली, एकापाठोपाठ एक. मी म्हटलं, "एकच, बाबा. काय हवंय तेवढंच." त्यांनी पेला दाबला. आईने पाणी दिलं. त्यांनी मान हलवली, नाही. मग ताट दाबलं. तेही नाही. मानेचासुद्धा भरवसा नव्हता. कधी हो म्हणायला नाही हलायची, आणि हलली की त्यांनाच कळायचं आणि ते स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायचे.

आई म्हणाली, "अगो, हेंका तरास देव नको."

मी म्हटलं, "त्रास मी देत्येय का? बोलता येत नाही हा त्रास नाही?"

आमच्या सुपरवायझरबाईंच्या भावाने सिंगापूरहून एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. रबराची बटणं, पाटीएवढा आकार, टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची की पडदा त्याचा. पोरं चार दिवस गेम खेळून कंटाळली होती. बाईंनी तो मला वापरायला दिला. इतर वेळी असलं यंत्र हातात आलं असतं तर मी आनंदाने वेडी झाले असते. तेव्हा मात्र मी त्याच्यासमोर नवसाला बसावं तशी बसले.

त्या कॉम्प्युटरबद्दल माझं मत सांगायचं तर, यंत्र हुशार होतं पण स्मरणशक्ती माशीची. वीज गेली की सगळं विसरायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचा आणि दरवेळी टेपवरून परत चढवायचा; चढवताना अशी किंकाळी फुटायची की शेजारची बाळं उठायची. मरोळला तेव्हा व्होल्टेज कधी पडेल याचा नेम नव्हता. बटणाच्या मजकुराएवढं इंग्रजी मला यायचं, सोबतच्या पुस्तकातलं बाकीचं डिक्शनरीत शोधत गेले. मराठी अक्षरं त्यात नव्हतीच. मी आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं, त्याचे आकडे केले, ते यंत्रात घातले. 'ण' काही केल्या बसेना. शेवटी बसला. पडद्यावर जाडजूड, वेडंवाकडं 'पाणी' उमटलं तेव्हा मी ओरडलेच.

बाबांना खुर्चीत बसवलं. एक बटण दाबलं की पडद्यावर एकामागून एक शब्द येत जाणार: पाणी, भूक, दुखतंय, ऊन, आई. हवा तो शब्द आला की दुसरं बटण. एवढंच.

बाबा पडद्याकडे बघत राहिले. रोज पेपर वाचून भांडणारा माणूस 'पाणी' या शब्दाकडे असा बघत होता, जसं मी जपानी अक्षरांकडे बघावं. वाचणंही गेलं होतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तरी मी सोडलं नाही. शब्दांशेजारी ठिपक्यांची चित्रं काढली. कामावरून आले की आधी टेप लावायची, मग हातपाय धुवायचे. "बाबा, दाबा ना. हे बघा, हे कोण? दाबा." ते दाबायचे, भलतंच. मग माझ्या तोंडाकडे बघायचे, बरोबर आलं का म्हणून.

आणि मग ती शनिवारची दुपार. जेवण झालं आणि बाबांना काहीतरी हवं होतं. काहीतरी ठराविक, एकच. ते दाराकडे बोट करायचे, मग छपराकडे, मग आईकडे. "तेच. तेच!" आम्ही पाणी दिलं, चादर बदलली, गॅलरीत नेलं, परत आणलं, पेपर दिला, रेडिओ लावला, त्यांचं पाकीट दिलं, देवाचा फोटो काढून हातात दिला. प्रत्येक गोष्ट ते बाजूला सारत होते. आधी चिडून, मग हात जोडून. ते आम्हाला हात जोडत होते. मी धावत जाऊन कॉम्प्युटर लावला, किंकाळी सुरू झाली, आणि बाबांनी उठून डाव्या हाताचा पंजा टीव्हीच्या काचेवर सपाट ठेवला. पुढचं काही दिसूच नये असा. मग तिथेच उभे राहून रडले.

आई म्हणाली, "बंद कर ता."

मी बंद केलं. बाबा रडून थकले आणि झोपले. त्या दुपारी त्यांना काय हवं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी अजूनही कधीकधी एकेक वस्तू मनात आणून बघते.

गणपतीत शेजारच्या खोलीत आरती होती. बाबांना दारात खुर्ची टाकून बसवलं होतं. झांजा सुरू झाल्या आणि बाबा गायला लागले. शब्द. स्वच्छ, जोडाक्षरांसकट, एकही न चुकता, सगळ्या आरत्या. बायका टाळ्या वाजवायच्या थांबल्या. आईने तोंडाला पदर लावला. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि आरती संपल्यासंपल्या म्हटलं, "बाबा! बोला! काहीही बोला!"

"तेच," बाबा हसून म्हणाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाण्याची जागा मेंदूत वेगळी असते, असं होतं. मी म्हटलं, मग शब्द गाण्यातून आत घालता येतील. त्या म्हणाल्या, करून बघ, पण फार आशा ठेवू नकोस. आशा कुठे ठेवायची तेही मला माहीत नव्हतं. ती होती, बस.

पेटी, कॉम्प्युटर, सगळं माळ्यावर गेलं. रोज सकाळी मी त्यांचा डावा हात धरून मांडीवर ताल द्यायची आणि आरतीच्या चालीवर म्हणायची, "पाणी द्या हो, पाणी द्या." त्यांच्या तोंडून मूळ आरतीच यायची. मी पुन्हा. ते पुन्हा आरती. आई स्टोव्हपाशी आमच्याकडे पाठ करून बसायची. दिवाळी आली, गेली. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी बाबांनी माझ्याबरोबर "पाणी" म्हटलं. मग माझ्याशिवाय. गाऊनच, पण म्हटलं. आईने भरलेला तांब्याच आणून दिला आणि ते गटागटा प्यायले. त्या दिवशी कामावर मी सगळ्यांना पेढे वाटले.

दुसरा शब्द मात्र आला नाही. 'चहा' गाऊन बघितला, 'भूक', 'आई'. नाही. पण जो आला तो त्यांनी घट्ट धरला. हळूहळू तो सगळ्यासाठी झाला. उकडलं की पाणी, भूक लागली की पाणी, मी घरी आले की आनंदाने पाणी.

फेब्रुवारीत एका दुपारी कंपनीच्या ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. कोपऱ्यावरच्या वाण्याकडून शेजारीण बोलत होती. "लवकर ये गं. बाबांना टॅक्सीतून नेलंय."

आईने नंतर सांगितलं ते असं. जेवून ते पडले होते. मग उठून बसले आणि गायला लागले, पाणी. तिने दिलं. त्यांनी पेला ढकलला, पुन्हा गायले. तिने थंड दिलं, मग कोमट दिलं. ते गातच राहिले, भरभर, चाल सोडून. मग तिचा हात त्यांच्या पाठीला लागला, आणि पाठ घामाने चिंब होती. छातीत कळ येत होती माणसाला. त्यांच्याजवळ शब्द एवढाच होता.

मी पोचले तेव्हा नळ्या लावलेल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. ओठ हलले, पण सूर निघाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

तेराव्याला गावाहून आत्या आली होती, बाबांची मोठी बहीण. तिला वेळेवर पोचता आलं नव्हतं आणि ती तेच धरून बसली होती. आईला जवळ घेऊन तिने विचारलं, "शेवटाक काय बोललो माझो भाव?"

आईने पदर सावरला. मग म्हणाली, "पाणी."

"दिलंस ना गो?"

"दिलय."

आत्याने मोठा श्वास सोडला, दोन्ही हात कपाळाला लावले. म्हणाली, "मगे बरा झाला. तोंडात पाणी पडला. तान्हेलो नाय गेलो." आणि आल्यापासून पहिल्यांदा ती भिंतीला टेकून नीट बसली.

आईने माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि आत्यासाठी चहा ठेवायला आत गेले.