दोन बोटांत बाही

माझ्या शेजारचे गुरुजी माणूस भेटला की आधी त्याची बाही दोन बोटांत धरतात, कापड चोळून बघतात आणि निकाल देतात. "अरे बापू, हे तं प्लास्टिक हाय! आपन कापूस पिकवून राह्यलो, अन् आंगावर प्लास्टिक काऊन घालून राह्यलो?" आदिलाबादच्या बाजारात ते अनोळखी माणसालाही सोडत नाहीत. त्यांच्याकडे जायचं असलं की मी घरातला एकुलता एक सुती सदरा घालतो.

यंदा बेल्याजवळच्या त्यांच्या शेतात सीतादही होती. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे ही पूजा करतात, पराटीपाशी, म्हणजे कपाशीच्या झाडापाशी, दहीभात ठेवतात. मी कामावरून तसाच, सदरा न बदलता गेलो. गुरुजी पांढऱ्याशुभ्र, एकही सुरकुती नसलेल्या सदऱ्यात वाकून उदबत्ती लावत होते. वारा आला आणि उदबत्तीचं पेटतं टोक त्यांच्या बाहीवर पडलं. सूत असतं तर जळून राख झालं असतं. हे कापड वितळलं, आणि भोकाभोवती काळी, कडक कड धरली.

वेचायला आलेल्या बायांनी माना खाली घातल्या. गुरुजींनी भोकावर तळहात ठेवला.

"याले इस्त्री लागत नाई," ते पुटपुटले.

मी माझीच बाही त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती सवयीनं धरली, चोळली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुती हाय."

"हो जी," मी म्हणालो.

माझ्याही सदऱ्याला इस्त्री लागत नाही.