आत्याच्या मानाची जागा

आमच्या बेटावर दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि मी. सिस्टर ओफा. डॉक्टर राजधानीत, आणि बोट आठवड्यातून एकदा, मंगळवारी.

सेलुवाया लग्न होऊन आमच्या गावात आली. तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं. रक्तदाब एकाएकी चढला, झटके आले, ती कशीबशी वाचली. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात तिचे पाय सुजलेले पाहिले आणि मी लघवी तपासली. तेच दुखणं परत येत होतं. तिच्या नवऱ्याला, विलिसोनीला, बोलावून सांगितलं, "परवाच्या बोटीने हिला घेऊन जा. थांबू नकोस."

विलिसोनी थोरल्या बहिणीला विचारायला गेला. टोंगामध्ये भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा, आणि लाविनियाला ते पुरेपूर ठाऊक होतं. चर्चचं संमेलन तोंडावर आलं होतं आणि तिच्या नावाने द्यायची मोठी चटई सेलु विणत होती.

"चटई अर्धी टाकून जायचं?" लाविनिया म्हणाली. "ओफाला काय, तिला सगळ्याच बायका आजारी दिसतात. पुढच्या मंगळवारी जाईल."

मी स्वतः तिच्या दारात गेले. तिने मला बसायलाही सांगितलं नाही.

सेलु आणखी पाच दिवस विणत बसली. सहाव्या दिवशी तिला डोळ्यांपुढे ठिणग्या दिसायला लागल्या. मंगळवारी बोटीत चढवली तेव्हा पोटातली हालचाल थांबलेली होती. मुलगा होता. त्याला इथे आणून पुरलं, तेव्हा लाविनिया सगळ्यांदेखत म्हणाली, "हे लग्न माझ्या मनाविरुद्ध झालं. आत्याच खूश नाही, तर मूल कसं जगेल?"

सेलुने मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिली. रडली नाही.

तिसऱ्या खेपेला दिवस राहिल्याचं तिने फक्त मला सांगितलं. मी राजधानीतल्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. चौथ्या महिन्यात मावशी आजारी असल्याचं सांगून ती राजधानीला गेली ती बाळंत होईपर्यंत परतलीच नाही. रोज गोळी, दर आठवड्याला तपासणी, शेवटचा महिना तर इस्पितळातच. तेहेतिसाव्या आठवड्यात पोट कापून मुलगी काढली. पावणेदोन किलोची. लाविनिया नाव ठेवायला बोटीने पोचली, तोवर सेलुने जन्मनोंदीच्या कागदावर आपल्या आईचं नाव लिहूनही टाकलं होतं, फिफिता.

"नाव मी ठेवायचं असतं," लाविनिया म्हणाली.

"उशीर झाला, वन्सं," सेलु म्हणाली. "बोट आठवड्यातून एकदाच असते ना."

हे तिने मला हसत सांगितलं. मला वाटलं, झालं, मन मोकळं झालं. पण परतल्यावर ती कित्येक महिने एक चटई विणत होती. इतकी बारीक वीण मी आजवर पाहिली नव्हती. फिफिताच्या पहिल्या वाढदिवसाला आत्या मानाच्या जागी बसते आणि घरातली सर्वांत चांगली चटई तिला मिळते. लाविनिया ती वीण पाहून खूश होती. म्हणायची, "आली शेवटी वठणीवर."

वाढदिवसाला मांडवात सगळं गाव, पाद्री, भाजलेली डुकरं. लाविनिया मानाच्या जागेकडे निघाली. सेलु आडवी आली.

"सिस्टर, तुम्ही या इथे," ती मला म्हणाली.

"ती जागा माझी आहे," लाविनिया म्हणाली.

"वन्सं, तुम्ही मला बोटीत बसू दिलं नाहीत. मी तुम्हाला इथे बसू देत नाही."

विलिसोनीचा चेहरा काळाठिक्कर पडला. पाद्री ताटाकडे बघू लागले. मला उठून नाही म्हणता आलं असतं. रक्ताचं नातं नसलेल्या बाईने तिथे बसणं ही घोर आगळीक होती, हे मला कळत होतं. पण मला लाविनियाचा तो दरवाजा आठवला, जिथे मी उभी राहिले होते. मी जाऊन बसले. चटई माझ्या मांडीवर आली. लाविनिया मांडवातून एकटी चालत गेली.

त्याची किंमत आम्ही दोघींनी मोजली. विलिसोनी तीन आठवडे बहिणीकडे राहिला. बायकांनी सेलुला विणायला बोलावणं बंद केलं, आणि माझ्या नावाने तक्रार वरपर्यंत गेली. पाद्री समेटाला आले, तर सेलुची एकच अट होती: "वन्संनी मुलाच्या थडग्यापाशी उभं राहून म्हणावं, उशीर मी केला."

दोन वर्षं लाविनिया आली नाही. मग एका दुपारी आली. सेलुने मला बोलावून घेतलं, साक्षीला. लाविनिया थडग्यापाशी उभी राहिली, खाली बघत म्हणाली, "उशीर मी केला." म्हातारी दिसत होती.

सेलुने तिला घरात बोलावलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. लाविनिया उन्हात थोडा वेळ घुटमळली आणि निघून गेली.

"आता तरी सोडशील?" मी विचारलं.

"नाही," सेलु म्हणाली आणि फिफिताला आंघोळ घालायला आत गेली.