दोन आणि सातचा बाजार

आमच्या गावाला एसटी नव्हती, ती फाट्यावरूनच वळायची. दर मंगळवारी आई वांग्या-मिरच्यांची पाटी डोक्यावर घेऊन तालुक्याच्या बाजाराला तीन कोस चालायची, आणि न खपलेला माल घेऊन तीन कोस परत. विहाराच्या ओट्यावर अभ्यास करून ताई घरातली पहिली पदवीधर झाली, तिच्या मागोमाग मी. हे मी मिरवतो. का मिरवू नये?

ताईला जाऊन सहा आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या पार पश्चिम टोकाला, तुआसला कामावर होतो. मेट्रो बदलत हॉस्पिटलला पोचेपर्यंत... सगळं संपलं होतं.

सिंगापूरच्याच एका कन्सल्टन्सीत ती वाहतुकीचा अभ्यास करायची. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे कोरियातल्या एका डोंगराळ भागाचं काम आलं, आपल्या तालुक्याएवढा असेल. रेल्वे नाही. नदीकाठाने एकच रस्ता, त्यावर दगडखाणीचे ट्रक आणि मोजक्या बस. लसूण-मिरची पिकते, तरुण शहरात गेलेले, गावांत म्हाताऱ्या उरलेल्या. तोट्यातल्या कुठल्या बस बंद करायच्या, ते ताईने सांगायचं होतं.

पहिल्या भेटीत तिने तिथला बाजार पाहिला. तो दिवस मंगळवार. सिंगापूरला येऊन तिने डोंगरातल्या शेवटच्या गावाच्या बसचे मंगळवारचे तिकिटांचे आकडे काढले. बस जवळपास रिकामी. "बाजाराच्या दिवशीसुद्धा कोणी बसत नाही रे," म्हणाली, आणि ती बस बंद करा असं लिहून दिलं.

अहवाल मंजूर झाल्यावर ती पुन्हा तिकडे गेली, मंगळवारीच. बाजाराचं मैदान मोकळं! एका म्हातारीने बोटांवर मोजून समजावलं. तिथला बाजार वारावर नसतोच. तारखेच्या शेवटी दोन किंवा सात आला की भरतो, पाच-पाच दिवसांनी.

तिने फोनवर सांगितलं तेव्हा मी हसलो. "एवढी शिकलीस आणि बाजाराचा दिवस चुकलीस?"

"हस तू. पण ती बस गेली तर ही म्हातारी आईसारखी चालणार. आणि चालायला लावणारी मी."

तिचे साहेब सिंगापुरी ढंगात म्हणाले, "रिपोर्ट अ‍ॅक्सेप्ट झालाय. क्लोज इट, लाह." मग ताईने स्वतःची रजा टाकली, पदरचं तिकीट काढलं, आणि दोन-सातच्या तारखांना त्या बसमध्ये बसून माणसं मोजली. त्याच महिन्यांत तिचं पोट दुखत होतं. तपासणी तिने दोनदा पुढे ढकलली. "एवढे बाजार मोजून येते, मग दाखवते." मी म्हणालो, "बरं." ते 'बरं' अजून घशाखाली उतरत नाही.

दाखवलं तेव्हा उशीर झाला होता.

पुण्यानुमोदनाला साहेब आले, ताईला 'टीम प्लेअर' म्हणाले. तिच्या मोजणीवरून केलेला दुरुस्त अहवाल त्यांच्या सहीने गेलाय, त्यात ताईचं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडे नावं घालायची पद्धत नाही." पहिल्या, चुकलेल्या अहवालावर मात्र तिचं एकटीचं नाव होतं. तेव्हा पद्धत होती.

परवा तिचा फ्लॅट रिकामा केला. फ्रिजवर कॅलेंडर होतं. दोन, सात, बारा, सतरा... प्रत्येक तारखेभोवती लाल गोल, पार डिसेंबरपर्यंत. एका बारा तारखेच्या गोलात 'डॉक्टर' लिहून खोडलेलं. ते कॅलेंडर मी माझ्या स्वयंपाकघरात लावलंय.

त्या शेवटच्या गावाची बस बंद झाली नाही. बाजाराच्या दिवशी ती आता दोन फेऱ्या जास्त करते.