जीपचं कडवं

रंगाअण्णांनी गाणं का सोडलं, ही गोष्ट मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. सत्कारात सांगितली, कॉलेजांच्या स्नेहसंमेलनात सांगितली, मोबाईलवर मुलाखत घ्यायला येणाऱ्या पोरांना सांगितली. आणि प्रत्येक वेळी त्यातलं एक वाक्य गाळून सांगितली. ते वाक्य कोणीच ऐकलेलं नाही — माझ्या बायकोनं नाही, इतकी वर्षं माझ्या शेजारी ढोलकी घेऊन बसलेल्या रशीदभाईनं नाही. ज्यांना ते ऐकवायला हवं होतं, त्यांनी तर नाहीच. आज तुम्हाला सांगायचं म्हणून बसलो आहे, आणि बघा ना — सुरुवात कुठून करतोय, तर सत्कारापासून.

आमचं नाव 'तिरपागडी मंडळी'. तिघेच मुख्य. सुप्याजवळच्या एका गावचे रंगाअण्णा गाणारे. भजनात घडलेला गळा, आणि पोटासाठी सुप्याच्या एमआयडीसीत कारखान्याची पाळी. रशीदभाई भिंगारचा, लष्करी गणवेश शिवणारा, ढोलकीवर हात असा की मेलेला माणूस मान हलवील. आणि मी दत्ता — नगरच्या छापखान्यात लग्नपत्रिका जुळवणारा, यमकं जुळवायची खोड तिथलीच. लोकांच्या ओठावरच्या गाण्याची चाल घ्यायची आणि तिच्यात आपले शब्द भरायचे, एवढाच आमचा धंदा. विरहाच्या चालीवर एसटीत सीट न मिळाल्याचं दुःख. अंगाईच्या चालीवर कारखान्याच्या निवडणुकीत उभ्या राहिलेल्या उमेदवाराची झोप. लोक चाल ओळखून डोलायला लागायचे, मग शब्द कानात शिरायचे, आणि मग मांडवात जो काही गोंधळ व्हायचा — काय सांगू तुम्हाला! ते दिवस आठवले की मला अजून लाज वाटायच्या आधी आनंद होतो. हेही कबूलच करायला हवं.

पण आमची खरी ओळख होती ती 'गावच्या कडव्या'मुळे. ज्या गावात कार्यक्रम, त्या गावात आम्ही सकाळीच जायचो. मी चहाच्या टपरीवर बसून गावातल्या गमती गोळा करायचो, आणि शेवटच्या गाण्यात एक कडवं त्या गावातल्या एका खऱ्या माणसावर असायचं, नावासकट. कोणाची म्हैस रोज सासरी पळते, कोण तीन वेळा सरपंच व्हायला उभा राहून तीन वेळा पडला. आणि याला अण्णांचा एक नियम होता. ज्याच्यावर कडवं आहे त्याच्या घरी दुपारी जायचं, पान-सुपारी ठेवायची, कडवं म्हणून दाखवायचं आणि विचारायचं — म्हणू का? तो हो म्हणाला तर त्याला पहिल्या रांगेत बसवायचं, आणि कडवं संपता संपता अण्णा स्वतः खाली उतरून त्याला फेटा बांधायचे. रशीदभाई त्यासाठी कापड निवडून आणायचा. तो फेटा त्या माणसाचाच. नाही म्हणाला तर कडवं फाडायचं, मग ते कितीही झकास असो.

अण्णा म्हणायचे, "ज्याच्यावर हसायचं, त्यानं आधी हसलं पायजे. न्हाईतर ती थट्टा न्हाई, ती मारहान हाय."

विचारायचं काम अण्णांचंच असायचं. त्यांच्यासमोर माणूस मोकळा व्हायचा. मला ते जमायचं नाही, आवडायचंही नाही. का आवडायचं नाही? कारण एकदा पारनेरकडच्या एका बाईंनी नको म्हटलं होतं आणि माझं अतिशय सुंदर कडवं अण्णांनी माझ्यासमोर फाडलं होतं. महिनाभर मी त्या कडव्याचं सुतक पाळलं. बाईंचं काय दुखलं असेल, हा विचार एकदाही केला नाही.

तर — आता येतो. अकोले तालुक्याच्या डोंगरातली एक वाडी, भंडारदऱ्याच्या वाटेवरची. यात्रेचा दुसरा दिवस. कार्यक्रम दुपारी चारला, कुस्त्यांच्या हगाम्याच्या आधी. सकाळी टपरीवर यात्रेसाठी बाहेरगावाहून आलेले दोघं-तिघं बसले होते. त्यांनी मला देवरामबाबांच्या जीपची गंमत सांगितली. वरच्या वस्तीवर अंगणात एक काळी-पिवळी जीप कित्येक वर्षं उभी आहे, एकदाही रस्त्यावर आली नाही, आणि आत कोंबड्यांनी संसार थाटलाय. मागच्या सीटवर अंडी, आणि कोंबडा म्हणे रोज स्टेरिंगवर बसून आरवतो. मी तिथेच वही काढली. असं कडवं वर्षातून एखादंच हाताला लागतं.

चहावाला तेवढा हसला नव्हता. ग्लास विसळता विसळता म्हणाला, "तेवढं वर जाऊन इचारा मात्र."

मी ऐकलं. नीट ऐकलं. हे तुम्ही लक्षात ठेवा.

नेमका त्या दिवशी अण्णांना ताप होता आणि घसा जपायचा म्हणून ते शाळेच्या खोलीत पडून होते. पान-सुपारीची पुडी माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "आज तू जाऊन ये." वस्ती अर्ध्या तासाच्या चढावर होती. मी निघालो. पहिल्या वळणावर एक हिरड्याचं झाड होतं, त्याच्या सावलीत बसलो आणि चौथी ओळ घासायला घेतली. ती जमली — आणि जमल्याबरोबर मला भीती वाटायला लागली. उन्हाची नाही. आजवर या गोष्टीचा विचार करताना मी उन्हाला पुष्कळदा पुढं केलं आहे, पण ऊन काही एवढं नव्हतं. मला भीती होती ती नकाराची. तो माणूस नको म्हणेल आणि ही ओळ फाडली जाईल, याची. मी तासभर तिथं बसलो, पुडीतली सुपारी खाल्ली, आणि खाली उतरलो.

"काय म्हनले?" अण्णांनी विचारलं.

"हो म्हणाले. हसले सुद्धा. पण लाजतायत, पुढं बसणार नाहीत. मागंच बसू द्या म्हणाले."

एवढं सगळं मी एका दमात रचलं. कवीच ना मी!

कार्यक्रम रंगला. अंगात ताप असून अण्णांनी असा काही आवाज लावला की शेजारच्या गावांहून कुस्त्यांना आलेले पैलवानसुद्धा पोट धरून हसत होते. शेवटी गावचं कडवं आलं:

देवरामबाबांची जीप लई न्यारी,
डिझेल नको तिला, दाणे घाला चारी,
कोंबडा ड्रायव्हर, कोंबडी शेजारी,
मागच्या सीटवर अंड्यांची सवारी!

पुढची पोरं आणि पाहुणे उड्या मारायला लागले. पण दिवसाउजेडी सगळं दिसतं हो. मागच्या बाजूला, जिथं वाडीतलीच माणसं बसली होती, तिथलं हसू विझत विझत पुढं येताना मी पाहिलं. अण्णांना ते दिसलं नाही. ते फेटा घेऊन खाली उतरले होते, गात गात, विचारत विचारत — कुठं हायेत देवरामबाबा? कोणीतरी बोट दाखवलं. एक वाळकासा म्हातारा होता, शेजारी त्याची बायको. अण्णा त्याच्यासमोर उभे राहिले, तीच ओळ पुन्हा घेतली, आणि प्रेमानं — किती प्रेमानं! — त्याच्या डोक्याला फेटा बांधला. म्हातारा हलला नाही. दोन्ही हात जोडून बसून राहिला, जसं देवळात बसतात. बाईंनी पदर तोंडावर ओढला.

ती जीप त्यांच्या मुलाची होती. भंडारदऱ्याला प्रवासी न्यायला म्हणून घेतलेली. पूजा झाली, हार घातला, आणि आठवड्याच्या आत पोरगं तापानं गेलं. एकही फेरी झाली नाही. गाडी विकायला बापाचा हात धजेना, आणि आत शिरलेल्या कोंबड्या हाकलायला आई तयार होईना. निदान कोणाचा तरी वावर असतो आत, असं म्हणायची. हे मला केव्हा कळलं? गाणं संपल्यावर पाच मिनिटांनी. वाडीतल्या कोणालाही सकाळी विचारलं असतं तर सकाळीच कळलं असतं.

देवरामबाबा उठून स्टेजपर्यंत आले. फेटा सोडून त्याची नीट घडी घातलेली होती. तो अण्णांच्या हातात ठेवून म्हणाले, "तुमचा हाय, ऱ्हावू द्या तुमाला." आणि बायकोला घेऊन चढाला लागले.

यात्रा कमिटीतले एक वयस्क गृहस्थ पुढं आले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "तुमी इचारून गाता असं ऐकलं हुतं. इचारलं हुतं का कुनी?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते — मी 'हो, मी गेलो होतो' म्हणायची. सगळी वाडी उभी होती. आणि मी म्हणालो, "विचारायचं काम अण्णा बघतात."

अण्णा माझ्याकडे अजून क्षणभर बघत राहिले. मग गृहस्थांच्या पायाशी वाकले आणि म्हणाले, "माजी चूक झाली." त्या दिवशी दत्ताला पाठवलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. तेव्हाही नाही, नंतर कधीही नाही.

इथवरची गोष्ट मी सत्कारात सांगतो बरं का. फक्त हिरड्याचं झाड गाळतो, आणि गृहस्थांना दिलेलं माझं उत्तर. सत्कारातल्या गोष्टीत मी वर जातो, म्हातारा हसतो, हो म्हणतो, आणि ऐन कार्यक्रमात त्याचा बांध फुटतो. लोक हळहळतात. दोष कोणाचाच नसतो.

पण याहून वाईट पुढंच आहे. परतताना अण्णा टेम्पोत माझ्या शेजारी बसले होते. घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "दत्ता, तू वर गेल्तास ना रं?" रागानं नाही. जणू त्यांना स्वतःलाच काहीतरी समजून घ्यायचं होतं. तिथं आम्ही तिघंच होतो. काय बिघडलं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. मी म्हणालो, "गेलो होतो अण्णा. तोंडावर तर खरंच हसले होते."

अण्णांनी मान हलवली. मग म्हणाले, "मंजी मानूस हो म्हनतो, हसतो बी, अन् आतून जळत असतो. मग इतकी वर्सं आपन किती जनांना फेटं बांधलं रं?"

बस. त्या दिवशी त्यांचं गाणं सुटलं. घसा शाबूत होता, तब्येत बरी झाली होती. मी आणि रशीदभाईनं विनवण्या केल्या, पण ते भजनातसुद्धा टाळापलीकडे गेले नाहीत. आणि त्यांनी एक नवीनच सुरू केलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एसटीत बसून ते आमच्या जुन्या गावांना जायचे — शेवगाव, जामखेड, श्रीगोंदा, कुठं कुठं — आणि ज्यांना फेटा बांधला होता त्यांना शोधून विचारायचे, "तवा तुमाला वाईट तर वाटलं नव्हतं ना?" लोक त्यांना जेवायला घालायचे. भिंतीवरचा फेट्यातला फोटो काढून दाखवायचे. म्हैसवाल्याच्या नातवाला ते कडवं तोंडपाठ होतं. अण्णा परत येऊन मला हे सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "हसत्यात रं. पन हसन्यावर आता माजा इस्वास न्हाई."

कळतंय ना तुम्हाला? एक वाक्य — 'अण्णा, मी गेलोच नव्हतो' — एवढं म्हटलं असतं, तर बावीस वर्षांची ती सगळी माणसं त्यांना परत मिळाली असती. ते वाक्य माझ्या खिशात होतं आणि मी त्यांना सुट्टीमागून सुट्टी एसटीनं हिंडू दिलं. मी त्यांच्यासमोर बसून चहा प्यायचो.

मंडळी मात्र बुडाली नाही. त्या दिवशी कोणीतरी मोबाईलवर कडव्याचं चित्रण केलं होतं, तेवढंच कापून ते जिकडं तिकडं फिरलं आणि आम्हाला कधी नव्हती एवढी बोलावणी आली. मी नवा गायक घेतला. जीपचं कडवं आजही म्हणतो. देवरामबाबांचं नाव काढून 'पांडुतात्या' घातलंय. फर्माईश येते हो. नाही म्हणता येत नाही — म्हणजे, म्हणत नाही. रशीदभाईनं मात्र त्या कडव्याला ढोलकी वाजवायचं सोडून दिलं. तेवढा वेळ तो हात मांडीवर ठेवून बसतो.

अण्णा गेल्या वर्षी गेले. त्याआधी आठ दिवस मी त्यांना भेटायला गेलो होतो. वहिनी म्हणाल्या, "तुमी आलात का त्यांना बरं वाटतं," आणि चहा करायला आत गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? छापखान्यातला एक विनोद — नवऱ्यामुलाच्या जागी सासऱ्याचं नाव छापल्याचा. अण्णा हसले. आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, की हे खरं हसले, की माझं मन राखायला? मला ओळखता आलं नाही. अजून येत नाही. त्यांना कधी संशय आला असेल का, हेही आता कळायचं नाही.

शोकसभेत मीच बोललो. तीच गोष्ट, तेच वाक्य गाळून. लोक रडले.

मी वर गेलो नव्हतो, अण्णा. देवरामबाबा हसले नव्हते, कारण ते मला भेटलेच नव्हते. बाकीचे सगळे खरंच हसले होते.