मॅमोग्राफीच्या दारातली कासारीण

कुरुंद्यात दारोदार बांगड्या भरणारी कासारीण माणसाचा चेहरा पाहत नाही, हात पाहते. बांगडी चढवताना ती प्रश्न विचारते. मूठ आवळली, की उत्तर खोटे, असे समजते. माझ्या पत्नीने छातीतील गाठ माझ्यापासून महिनाभर लपवली होती. कासारणीला ती डझनभर बांगड्यांत कळली.

शाळेच्या मैदानात मॅमोग्राफीची गाडी आली, तेव्हा तिनेच पत्नीला ओढून आणले. मी मागोमाग गेलो. तपासणीला गळा मोकळा हवा, असे परिचारिकेने सांगताच पत्नी माघारी वळली.

"मंगळसूत्र मी न्हाई काढणार. यांच्या जिवाला काही झालं म्हंजे?"

"यांचाच जीव हाय ना? मंग यांच्याच गळ्यात राहू द्या," असे म्हणत कासारणीने, मला न विचारता, ते माझ्या गळ्यात घातले. "गुरुजी, हलू नका."

रांगेतल्या बायका, त्यांतल्या काही माझ्याच जुन्या विद्यार्थिनी, पदराआड हसल्या. पत्नीही हसली आणि आत गेली. गाठ पुढे साधी निघाली.

मी बाकावर ताठ बसलो. सदऱ्याचे वरचे बटण लावावेसे वाटले, लावले नाही.

तोवर कासारीण पुढच्या बाईच्या नवऱ्याकडे वळली होती.

"पाटील, तुमी बी या. काहून लाजून राहिले? गुरुजी एकटेच नवरी होऊन बसलेत."