उत्तराताई गटाबाहेर

नागपूरच्या उत्तराताई विमा कचेरीतून रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी फुकटची नोकरी धरली, असं त्यांचे यजमान गिरिधरराव म्हणतात. खोटं नाही. गावोगावच्या वाचनालयांसाठी एक मोफत सॉफ्टवेअर आहे. कोड सगळ्यांना खुला, बनवणारे सव्वाशे हौशी लोक, त्यांचा एक ऑनलाइन गट. नवा माणूस आला की त्याला सांभाळून घ्यायचं, हे काम ताईंचं. ‘अपमान करेल तो महिनाभर गटाबाहेर’ हा नियमही त्यांनीच लिहिला. दिवाळीआधी सौरवला त्याच नियमानं काढलं. पोरगा हुशार, पण जिभेला हाड नाही. गयावया करत होता बिचारा, ताईंनी ऐकलं नाही.

शुक्रवारी नवी आवृत्ती निघायची होती. बुधवारी खापा गावच्या ग्रंथपाल प्रेमिलानं कोडमधली एक चूक दुरुस्त केली, पण बदललेल्या चार ओळी पाठवायच्या सोडून अख्खं सॉफ्टवेअरच गटावर टाकलं. तिसऱ्यांदा! ताईंचं डोकं सटकलं. सगळ्यांसमोर लिहिलं, ‘वाचता येत नसेल तर ग्रंथपाल कशाला झालात?’

दहा मिनिटांत प्रेमिला गट सोडून गेली.

ताईंनी आपलाच मेसेज पुन्हा वाचला. अगं बाई, हे काय करून बसले मी! फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, कट. शेवटी कोड सांभाळणाऱ्या विक्रमचा फोन आला.

‘‘ताई, डिलीट करून टाका ना मेसेज. काहून टेन्शन घेऊन राहिल्या? तुम्हाले कोणी काही म्हणते का?’’

‘‘सौरवला म्हटलं ना आपण?’’

‘‘त्याची गोष्ट वेगळी.’’

‘‘वेगळी कशी रे? तो लहान होता, एवढंच.’’

‘‘अन् शुक्रवारी तीस नवे लोकं येऊन राहिले, त्यांना कोण पाहणार?’’

ताईंनी फोन ठेवला. दीड वर्ष ज्या शुक्रवारसाठी खपले, तो घरात बसून काढायचा? आणि गटात राहावं, तर नियम फक्त लहानांसाठी होता असं कबूल करायचं. ‘डिलीट’वर त्यांनी एकदा बोट नेलंही. मग काढून घेतलं.

‘मी प्रेमिलाताईंचा अपमान केला. माफी मागते. नियमाप्रमाणे आजपासून महिनाभर मी बाहेर,’ असं लिहिलं आणि कुणी काही बोलायच्या आत गट सोडला.

‘‘झाल्या दुसऱ्यांदा रिटायर!’’ गिरिधरराव म्हणाले. बायकोचं तोंड पाहिलं आणि चहा टाकायला उठले.

शुक्रवारी आवृत्ती ताईंविना निघाली. संध्याकाळी खाप्याहून फोन आला. विक्रमनं तिकडे ती माफी पाठवली होती.

‘‘चुकले गं मी, प्रेमिला.’’

‘‘चुकल्याच तुम्ही. दोन दिवस घास नाही उतरला मले.’’ मग तिचा आवाज उतरला. ‘‘मले गटात परत जायचं आहे, ताई. पण चार ओळी कशा पाठवायच्या ते अजूनही येत नाही, अन् तुम्ही तर तिथं नाही. आता विचारू कोणाले?’’

ताईंना रडू फुटलं.

‘‘लॅपटॉप उघड वं,’’ त्या म्हणाल्या.