वारा सुटला की निघणारे बिरादारअण्णा

बिरादारअण्णा सायकलवर बसण्याआधी चिमूटभर माती हवेत सोडून बघत. माती सरळ पायाशी पडली तर ते परत हॉटेलात चहाला बसत. ती तिरकी उडाली, तर हँडलला पिशवी अडकवत, कॅरिअरवर लोखंडी साखळी, पहार आणि लांब काठी करकचून बांधत आणि माळाच्या रस्त्याला लागत. मग अर्ध्या तासात आमच्या गावची लाइट जायची. अण्णा सायकलवर दिसले की बाया दळणाचे डबे घेऊन माझ्या गिरणीकडे पळत सुटायच्या.

अण्णा आमचे लाइनमन. मंठाळच्या पुढे, माळावर आमचं गाव. आषाढात तिथं पाऊस कमी आणि वारा फार. पत्रे उडतात, उभी बैलगाडी सरकते. अशा वाऱ्यात मोटरसायकलवालेही घरी बसतात. हा पन्नाशी ओलांडलेला काटकुळा माणूस मात्र सायकल घेऊन निघायचा. कुठं निघालात विचारलं, तर उलट विचारायचा, "कामून? कुणी विचारायला सांगितलं तुमाला?"

संशय त्यांच्या हाडात होता. एकदा माझ्या गिरणीची मोटर जळाली. मेन स्विच मी स्वतः पाडलाय, असं सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मलाच वाटलं, आपण खोटं बोलतोय. त्यांनी टेस्टर दोनदा लावला. मग शेजारच्या घरी जाऊन, चालू असलेल्या बोर्डात टेस्टर घालून आले.

"आता आनी हे कामून?" मी विचारलं.

"टेस्टरच मेलाय का जित्ता हाय, ते कोण बघायचं? बंद म्हणल्यालं बंद नसतंय, अक्का. बंद केल्यालंबी बंद नसतंय."

ते गावावर विश्वास ठेवत नसत आणि गाव त्यांच्यावर. त्याला कारणही होतं. ओढ्यापलीकडे दगड फोडायचं एक खडी केंद्र होतं. वाऱ्याच्या दुपारी आमच्याकडे लाइट नसायची, गिरणी गप्प असायची, आणि तिकडे मात्र खडीची धूळ उठत असायची. "अण्णा आपली लाइट तिकडं द्यायलाय," असं पारावर उघड बोललं जाई. शेवटी त्यांच्याविरुद्ध तक्रारीचा अर्ज झाला. नवरा गेल्यापासून गिरणी मीच चालवते. आषाढातले निम्मे दिवस ती बंद राहायची. मीही अर्जावर सही केली.

वरच्या साहेबांनी विचारलं, कुणी डोळ्यांनी बघितलंय का? कुणीच बघितलं नव्हतं. मग मी ठरवलं, आपणच बघू.

त्या दुपारी अण्णा निघाले तशी मी मुलीची शाळेतून मिळालेली सायकल काढली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि त्यांच्या मागे निघाले. गावाबाहेर पडताच उजवीकडून वारा असा आला की सायकल सरळ ठेवायची तर अंग उजवीकडे कलवूनच बसावं लागत होतं. डोळ्यांत माती जात होती. पुढे अण्णा ठिपक्याएवढे दिसत होते. ते मान वळवून मागे बघताहेत असं मला दोनदा वाटलं. इतक्यात मागून खडीचा टिप्पर आला. तो उजवीकडून पुढे जाताना वारा एकदम अडला, आणि वाऱ्यावर रेललेली मी टिप्परच्या चाकांकडेच ओढली गेले. कसाबसा तोल सावरतेय तोच टिप्पर गेला, वारा दुप्पट जोरानं आदळला, आणि मी सायकलीसकट डावीकडच्या नालीत पडले.

उठायला गेले तर आवाज आला. "तिथंच ऱ्हावा, अक्का. पाय उचलू नका."

वाटेत थांबलेले अण्णा आता वीसेक पावलांवर उभे होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हा काहीतरी लपवतोय.

"कुणी पाठविलं तुमाला?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई. तुमी कुठं जायलाव ते बघायला आले."

त्यांनी गवताकडे हात केला. माझ्यापासून चार पावलांवर, वाळल्या गवतात, खांबावरून तुटलेली तार पडली होती.

"लाइट तर गेलीय की," मी म्हणाले.

"व्हय. वाऱ्यात तारा तुटत्यात, म्हणून मागल्या खांबावरचा खटका मीच पाडलोय. पण तिकडं ऐका." ओढ्यापलीकडून इंजिनाची धडधड येत होती. "लाइट गेली की त्या खडीवाल्यांचं जनरेटर सुरू होतंय. मधी वेगळा खटका बसवा म्हणून सांगून थकलो. बसवला न्हाई, तर त्येंचा करंट उलटा आपल्या तारंत येतोय. आज आलाय का न्हाई, मला ठाऊक न्हाई."

त्यांनी हातमोजे चढवले. साखळीचं एक टोक पहारीला बांधून पहार जमिनीत ठोकली, दुसरं टोक लांब लाकडी काठीनं तारेवर टाकलं. निळा जाळ उठला. गवत तारेच्या रेषेत जळत गेलं. पलीकडचं इंजिन खोकलल्यासारखं झालं आणि बंद पडलं. मी नालीतच बसून होते. तार जिवंत होती.

परतताना आम्ही सायकली हातात धरून चाललो. मी विचारलं, "हे गावाला कामून सांगत न्हाई तुमी?"

"गावातलं कोण त्या केंद्रवाल्याकडं चहाला बसतंय, मला काय ठाऊक? वर दोनदा लिहून दिलोय. त्येंच्याशिवाय कुणाला सांगितलो न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी बसवकल्याणला जाऊन साहेबांना सगळं सांगितलं, माझी सही काढून घ्या म्हणाले. साहेब म्हणाले, एक सही काढून अर्ज मागे जात नाही. महिन्याभरात अण्णांची बदली गाणगापूरकडे झाली.

निघायच्या दिवशी मी दशम्यांचं पुडकं घेऊन त्यांच्या खोलीवर गेले. "अण्णा, त्या अर्जावर माझीबी सही होती."

"ठाऊक हाय. साहेबांनी नक्कल दिली होती. वाचता येण्यासारखी सही तुमचीच एक होती." ते हसले नाहीत. "आता कामून सांगायलाव?"

"तुमी दुसऱ्याकडून ऐकावं, असं वाटलं न्हाई."

त्यांनी पुडकं हातात घेतलं, उघडून आत काय आहे ते बघितलं, आणि पिशवीत ठेवलं.

त्यांच्या जागी आलेला लाइनमन हसतमुख आहे. सगळं फोनवर करतो. पुढच्या आषाढात वारा सुटला, पत्रे वाजू लागले, तरी लाइट गेली नाही. गाव खूश झालं. माझ्यापुढे दळणाची रांग होती, गिरणी चालू होती, आणि माझं लक्ष लागेना. शेवटी मी मेन स्विच पाडला. बाया कुरकुरल्या. मी सायकल काढली आणि माळाच्या रस्त्याला लागले. टिप्पर आला की खाली उतरून उभी राहायची, तो गेला की पुन्हा चढायची.

तारा शाबूत होत्या, पण वाऱ्यानं एकमेकींना लागत होत्या आणि ठिणग्या पडत होत्या. खाली कुणाच्यातरी शेळ्या चरत होत्या. मी लाइनमनला फोन लावला. तो म्हणाला, अर्ध्या तासात येतो. मी शेळ्या हाकलल्या आणि वारा पडेपर्यंत तिथंच उभी राहिले.